पातं शिरेनासं झालं, मामा

मामा, लिंबू राहू दे, तुझ्या चाकूनं पिकलेलं केळंसुद्धा धड कापलं गेलं नसतं. तरी तो पँटच्या उजव्या खिशात नसला तर तुझं पाऊल उंबऱ्याबाहेर पडायचं नाही. आधी खिसा चाचपायचास, मग चपला शोधायचास. मामी विळीवर कांदा चिरता चिरता तुला डिवचायची, "अहो, घरात एवढा मोठा चाकूवाला असताना मी विळीवर का बसू? घ्या हे लिंबू, दोन फोडी करून दाखवा." तू एकदा लिंबाकडे बघायचास, एकदा चाकूकडे, आणि म्हणायचास, "त्याला जीवहत्या जमत नाही."

कापणं सोडून बाकी सगळं जमायचं त्याला. रंगाच्या डब्याचं झाकण, चष्म्याचा ढिला स्क्रू, मोरीची जाळी, रिमोटमध्ये फुगून बसलेला सेल, चपलेच्या तळाला चिकटलेलं डांबर. पावसाळ्यात घट्ट बसलेला साखरेचा डबा शेजारीपाजारी घेऊन यायचे. तू झाकणाखाली पातं सरकवून मनगट जरासं पिरगाळायचास आणि डबा सुस्कारा टाकून सुटायचा. टोक केव्हाच मोडलेलं. ते तू जिन्याच्या पायरीवर घासघासून चपटं करून घेतलं होतंस. मी वैतागून म्हणायचे, की मामा, चाकू कापायला असतो, स्क्रू पिळायला पेचकस असतो, दार उचकटायला पटाशी असते. प्रत्येक कामाला त्याचं हत्यार मिळणं हा कामगाराचा हक्क आहे, हे तूच मला शिकवलंस. तू म्हणायचास, "हक्क मिळेपर्यंत डबा बंद ठेवू का?"

तुझ्या एका वाढदिवसाला मी हातोडी, पेचकस आणि चांगली रुंद पटाशी आणली. तू ती सगळ्यांना दाखवलीस, माझं कौतुक केलंस आणि पुठ्ठ्याच्या खोक्यासकट माळ्यावर ठेवून दिलीस.

आमच्या विठ्ठलवाडीच्या घरात पत्रकं अंकलिपीच्या आधी आली, हे तुला माहीत आहे. आई-बाबा दोघंही कामगार संघटनेचे. मी आयुष्यात पहिला शब्द वाचला तो 'जाहीर'. रविवारी सकाळी छापखान्यातून गठ्ठे यायचे आणि डोंबिवलीहून तू यायचास. फरशीवर मांडी घालून, बोथट पात्याची पाठ घडीवरून दाबत न्यायचास. घड्या तुझ्या नेहमी तिरक्या. बाबा म्हणायचे, दिगू, मजकूर सरळ आहे तर कागद वाकडा नको. तू हसायचास आणि पुढची घडी त्याहून तिरकी घालायचास. पुढे पत्रकं मी लिहायला लागले, तेव्हा तू माझं नाव टाकून मला पत्रकबाई म्हणायला लागलास. 'आमच्या पत्रकबाई आल्या, आता मालकाचं काही खरं नाही.' त्यात थट्टा किती आणि अभिमान किती, हे मला कधीच नीट कळलं नाही. विचारायचं राहून गेलं.

मानपाड्यातली तुझी इमारत एका अंगानं खचायला लागली, तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं. कोपऱ्यातल्या खोल्यांच्या चौकटी तिरक्या झाल्या आणि दारं अडकायला लागली. एमआयडीसीतली पहिली पाळी गाठणारा माणूस आतून दार ठोकत राहायचा आणि तू बनियनवर, खिशातून चाकू काढत जिना चढायचास. दाराच्या वरच्या कोपऱ्यात पातं घालायचं, जरा दाबायचं, आतल्याला म्हणायचं 'आता ओढ', आणि दार कण्हत उघडायचं. मग एकाचा डबा, दुसऱ्याची पाळी, तिसऱ्याच्या मुलांची शाळा सुरू व्हायची. सगळी इमारत तुला मामा म्हणायची. माझी शालनमामी सगळ्यांचीच मामी झाली.

मी तुला म्हटलं होतं, तू दारं उघडत राहशील तोवर दारं अडकतात हे मालकाला कळणारच नाही. तुझा चाकू मालकाच्या बाजूनं काम करतो. ते वाक्य तुला लागलं होतं. तू म्हणालास, "आत अडकलेल्या माणसाला दाराखालून तुझं पत्रक देता येईल, पत्रकबाई. पण त्याला धरून माणूस बाहेर येणार नाही." मी म्हटलं, तुझ्या चाकूला धरून तरी कुठे बाहेर येतोय, तो फक्त कामावर जातोय आणि संध्याकाळी परत त्याच खोलीत येतोय.

पालिकेची नोटीस लागली. इमारत धोकादायक, ताबडतोब रिकामी करा. मालकाचा माणूस आला आणि आधी जागा खाली करा, नव्या इमारतीतल्या खोल्यांचं मग बघू, असं गोड बोलून गेला. 'मग बघू' वर विश्वास ठेवून बाहेर पडलेली माणसं आपण दोघांनीही पाहिली होती. ती अजून भाड्याच्या खोल्या बदलत फिरतात. म्हणून मी पत्रक लिहिलं, 'जागेची लेखी हमी मिळेपर्यंत एकाही कुटुंबानं घर सोडू नये.' ही मागणी तेव्हा बरोबर होती. आजही बरोबर आहे. त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पहिली सही तुझी होती.

सही करून तू मला जिन्यापर्यंत सोडायला आलास. सुताराला बोलावून दारं तासून का घेत नाहीस, असं मी विचारलं. रोजची कटकट जाईल. तू म्हणालास, "तासलं की दार गप्प बसेल. मग इमारत खचत कुठवर आली, मला कोण सांगणार?" आणि खिशातला चाकू काढून, पातं उघडून, आवाज खाली आणून पुढचं बोललास. जिन्यात आपल्या दोघांशिवाय कोणी नव्हतं.

"सही केली ती केली. पण ज्या दिवशी फटीत हे पातं शिरेनासं होईल ना, त्या दिवशी मी तुझी हमीबिमी बघणार नाही. शालनला काखोटीला मारीन आणि बाहेर. बाकीच्यांनाही काढीन."

मी म्हटलं, मग हे पत्रकात घालू या. लोकांना कळायला हवं. तू एकदम गंभीर झालास. म्हणालास, हे लिहायचं नाही. मालकाच्या हातात पडलं तर तो आपल्याशी बोलणारच नाही, नुसता पातं अडकायची वाट बघत बसेल. हे लक्षात ठेवायचं. मी वाद घातला, की जे लिहिता येत नाही ते धोरण नव्हे. तू म्हणालास, "सगळंच धोरण नसतं गं." आणि वर निघून गेलास. तो वाद तिथेच राहिला.

मग ती सकाळ. मामी कोथिंबीर आणायला गेली. तिच्यामागे दार ओढलं गेलं आणि अडकलं, रोज अडकायचं तसंच. वरच्या मजल्यावरच्या फिलूमावशीला खाली काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. तिचं दार तेव्हा उघडं होतं, म्हणून ती खाली आली. तिनं हाका मारल्या, दार ठोठावलं. आतून फक्त कण्हणं. माणसं जमली, खांदे लावून झाले, दार हलेना. तेव्हा तळमजल्यावरचे सावंत मागून सगळ्यांवर ओरडले, "अरे बघताय काय, मामांना बोलवा. चाकू घेऊन या म्हणावं."

फिलूमावशी सांगत होती, की हे ऐकून एक पोरगा खरंच दोन पायऱ्या धावला. मग थांबला. सगळेच थांबले. चाकू आत होता. तुझ्या उजव्या खिशात.

शेवटी पॅसेजमधल्या लाकडी बाकानं दार फोडलं. डॉक्टर म्हणाले, झटकाच एवढा मोठा होता, की दार उघडं असतं तरी फरक पडला नसता. डॉक्टरांवर विश्वास ठेवावा असं मला वाटतं. मामीला तसं वाटत नाही. ती दाराकडे पाठ करून बसते.

तुझे दिवस झाल्यावर मी मामीला न्यायला आले. आमच्याकडे विठ्ठलवाडीला चल म्हटलं. तिनं कपाटाचं दार उघडलं. आत माझं पत्रक चिकटवलेलं होतं, वर तुझी सही. "एकाही कुटुंबानं घर सोडू नये, असं आहे ना? मी एकटी आहे म्हणून मी कुटुंब नाही का?" मी म्हटलं, अगं, चार दिवसांसाठी. ती म्हणाली, चार दिवस म्हणूनच सगळे बाहेर पडतात. बरोबर होतं. ते वाक्य तर माझ्याच भाषणातलं होतं. मी तिला सोडून जाऊ शकत नव्हते, आणि ती तुझी सही सोडून येऊ शकत नव्हती. म्हणून माझी पिशवी मी तिथेच टाकली.

मामा, बाहेरून लढणं आणि आत राहणं यातला फरक मला माहीत नव्हता. इथे 'दार लाव' कोणी म्हणत नाही. 'दार लोट' म्हणतात, आणि मध्ये चपलेचा तुकडा ठेवतात. आंघोळीला गेलेलं माणूस गुणगुणत राहतं, म्हणजे ते ठीक आहे हे बाहेर कळावं. फिलूमावशी तर मोरीत बसून अख्खं स्तोत्र म्हणते. भिंतीतून काही पडलं की बोलणं थांबतं, सगळे वर बघतात आणि मग जिथे तोडलं होतं तिथूनच पुढे बोलतात. मी रात्रंदिवस ऐकत असते. सवय होईल याची मला भीती वाटते, आणि सवय झाली नाही तर राहायचं कसं याचीही.

तुमचं फुटलेलं दार सुतारानं नवी फळी मारून बसवलं आणि न विचारता कडा तासून दिल्या. आता ते बोटानं ढकललं तरी लागतं. आवाज नाही, कण्हणं नाही. मामी पहिल्यांदा ते लागताना बघून रडायलाच लागली. सुतार बिचारा गोंधळला. तुझं दार गप्प बसलं, मामा.

बाकीची दारं बोलत होती. आणि माणसंही. दुसऱ्याच दिवशी जिन्यातून हाक आली, "मामा..." आणि मध्येच तुटली. बाहेर येऊन बघितलं तर कोणी नाही. हाक मारणारा लाजून आत गेला असावा. मामीनं चाकू माझ्या हातात दिला. मी जिना चढले. तुझ्यासारखंच केलं. वरच्या कोपऱ्यात पातं, जरा दाब, 'आता ओढ.' दार उघडलं. आतली बाई मला बघून म्हणाली, आलीस होय बाय, बरं झालं. तेवढ्यावर माझी नेमणूक झाली. चाकूनं दारं उघडू नकोस म्हणून तुझ्याशी भांडणारी मी, रोज सकाळी चाकू घेऊन जिना चढायला लागले. तुला हसू येत असेल. येऊ दे.

काल सकाळी फिलूमावशीचं दार अडकलं. ती आतून म्हणाली, घाई नाही बाय, मला काही पाळी गाठायची नाही, ये सावकाश. मी वरच्या कोपऱ्यात पातं लावलं. गेलं नाही. जरा खाली लावलं. तिथेही नाही. चौकटीच्या कडेनं वरपासून खालपर्यंत फिरवलं. दार आणि चौकट एकमेकांत रुतली होती, जणू एकाच लाकडाची. कागद गेला नसता, मामा. आतून फिलूमावशी विचारत होती, ओढू का? आणि मला 'हो' म्हणता येत नव्हतं.

मी खाली आले, माळ्यावरचं पुठ्ठ्याचं खोकं काढलं, हातोडी आणि पटाशी घेऊन वर गेले. चौकटीचा ढलपा उडाला, दार सुटलं. फिलूमावशी बाहेर आली, कपाळाला हात लावून उभी राहिली. म्हणजे तू इतकी वर्षं ऐकत नव्हतास ते माझं म्हणणं खरं ठरलं. योग्य कामाला योग्य हत्यार. मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

खाली येऊन मी मामीला सांगितलं. मामा म्हणाला होता, पातं शिरेनासं झालं की हमी नसली तरी निघायचं. मामी पोळी लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही.

"मला कधी म्हणाले नाहीत ते."

मी म्हटलं, मला म्हणाला होता, जिन्यात. लिहू नकोस म्हणाला. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की मला माझा चेहरा झाकावासा वाटला. "जन्मभर सगळ्यांकडे लेखी मागितलंस. आता ते गेल्यावर त्यांचं तोंडी सांगतेस होय? मला इथून न्यायचंय म्हणून?" तिच्या जागी मी असते तर माझ्यावर विश्वास ठेवला नसता. फिलूमावशीनंही नाही ठेवला, फक्त ती रागावली नाही. म्हणाली, तुला काळजी आहे, कळतं, पण त्याच्या नावावर नको घालूस.

अशी मी अडकले, मामा. मालकाकडे कागद नाही म्हणून आम्ही आत. माझ्याकडे कागद नाही म्हणून आम्ही आत. तुझा शब्द एका माणसाच्या कानात आहे आणि तो कान माझा.

म्हणून मी बसले आणि हे लिहून काढलं. तू लिहू नकोस म्हणाला होतास. मी लिहिते आहे. तुझी आज्ञा मोडते आहे, ती डोळे उघडे ठेवून मोडते आहे. हे मालकाच्या हातात पडेल, तो हसेल, आपली वाटाघाटीची ताकद आज कमी होईल. हे सगळं मला दिसतं. मालक, तुम्हीही वाचा. आम्ही घरं सोडतो आहोत, हक्क सोडत नाही आहोत. जागेची लेखी हमी आम्ही कुठूनही मागू, भाड्याच्या खोलीतून, विठ्ठलवाडीहून, तुमच्या दारातून. तुम्ही आमच्या पडण्याची वाट बघत बसला असाल तर उठा आता.

आणि शेजाऱ्यांनो, सावंतकाका, फिलूमावशी, तुम्हा सगळ्यांसाठी मामाचं वाक्य मी जसंच्या तसं वर लिहिलं आहे. त्यात माझा शब्द एकही नाही.

कच्चं लिहून झालं तेव्हा दुपार होती. मामीच्या हातात दिलं. ती चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. लिंबाच्या गोष्टीवर जरा हसली. बाकाच्या ठिकाणी कागद खाली ठेवला, पाणी प्यायली, परत उचलला. वाचून झाल्यावर पानं उलटून मागे गेली. जिन्यातल्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"काखोटीला मारीन, असं म्हणाले?"

मी हो म्हटलं. तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग सांगितलं. लग्नाचं पहिलं वर्ष, चाळीतली खोली, स्टोव्ह भडकला. ती भांडी वाचवत बसली होती. तू तिला उचललंस, गाठोडं काखोटीला मारतात तशी, आणि रस्त्यावर नेऊन उभी केलीस. तिला त्या सगळ्या बायकांसमोर इतकी लाज वाटली, की ती तुझ्याशी आठवडाभर बोलली नाही. तुला दम द्यायचा असला की पुढे आयुष्यभर तू तेच म्हणायचास, फक्त तिला, फक्त कानात. "तुला हे मी सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "आणि त्यांनी तर मुळीच सांगितलं नसणार."

काल मी तिला सांगताना ते गाळलं होतं. घाईत नुसता अर्थ सांगितला, निर्णय सांगितला, जसा सभेत सांगतात. तुझे शब्द कागदावरच आले.

मग तिनं विचारलं, फिलूचा भाचा माजिवड्याला आहे, त्याच्याकडे दोघींची सोय होईल का, की फिलूला तिकडे आणि मी तुमच्याकडे? मी म्हटलं, जमवू. तिनं कपाटातून पत्रक अलगद सोडवलं, तुझी सही फाटू न देता. चाकूचं पातं खाली सरकवून, पिरगाळून. मी बघत राहिले. तिनं तो चाकू उभ्या जन्मात चालवलेला मी पाहिला नव्हता.

आज सकाळी इथवरचं छापून आणलं. या शेवटच्या ओळी हातानं, फक्त तुला. ती फरशीवर बसली आहे, मांडी घालून, पात्याची पाठ घडीवरून नेते आहे. थोड्या वेळानं मी एकेका दाराखालून हे सरकवीन, आणि मग पटाशी घेऊन एकेका दाराशी उभी राहीन. आधी कागद, मग माणूस. आपल्या भांडणाचा निकाल एवढाच लागला, मामा. दोन्ही लागतात.

घड्या तिच्या तुझ्यापेक्षा सरळ येतात.